क्षेपणास्त्राच्या बातमीत संवेदक कुठे असतो?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

क्षेपणास्त्राची चाचणी झाली की पल्ला, वेग आणि खर्च यांचे आकडे ठळक छापून येतात. लक्ष्य ओळखणाऱ्या संवेदकाची बोळवण मात्र ‘अत्याधुनिक’ या एका विशेषणावर होते. त्या विशेषणामागे कुणा भौतिकशास्त्रज्ञाची उभी कारकीर्द असते, म्हणून हा पत्रप्रपंच.

टॉम इलियट या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाचेच पाहा. माल्व्हर्नच्या सरकारी रडार संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. तिथेच 1959 मध्ये लॉसन आणि सहकाऱ्यांनी पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांचा अर्धवाहक (सेमीकंडक्टर) तयार केला होता. त्यातले कॅडमियम कमी-जास्त केले की तो कोणत्या तरंगलांबीपर्यंतचे अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे, किरण टिपेल, हे ठरवता येते. माणसाच्या अंगातून निघणारे उष्णतेचे किरण 10 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असतात आणि 8 ते 12 मायक्रॉनच्या किरणांना हवा फारशी अडवत नाही. अंधारात माणूस पाहायला हा पदार्थ अगदी मापाचा निघाला. बनवायला मात्र महाकठीण! तो वितळवताना पाऱ्याच्या वाफेचा दाब इतका वाढतो की क्वार्ट्झची बंद नळी फुटू शकते. त्यातून कॅडमियमच्या प्रमाणात जरासा फरक पडला, तर एकाच स्फटिकाची दोन टोके वेगवेगळी वागतात. शिवाय स्वतःच्याच उष्णतेने संवेदक गोंधळू नये म्हणून त्याला द्रव नायट्रोजनच्या, म्हणजे उणे 196 अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवावे लागते.

इलियट यांची करामत 1970 च्या दशकातली. तेव्हाच्या उष्णता-कॅमेऱ्यांत फिरते आरसे समोरचे दृश्य संवेदकांच्या रांगेवरून सरकवत. रांगेतल्या प्रत्येकाला वेगळी तार, संकेत मोठा करणारा वेगळा प्रवर्धक आणि शेवटी सगळ्यांचे संकेत वेळ जुळवून एकत्र करण्याचा खटाटोप. इलियट यांनी ती रांगच काढून टाकली. त्याजागी एक अरुंद पट्टी बसवली आणि तिला विद्युतदाब असा दिला की किरणांमुळे सुटे झालेले विद्युतभार, प्रतिमा ज्या वेगाने सरकते त्याच वेगाने पट्टीतून वाहू लागले. त्यामुळे प्रतिमेतल्या एका ठिपक्याचा संकेत वाटेतच साठत जातो आणि टोकाशी एकदम वाचता येतो. बेरजेसाठी वेगळे विद्युत मंडल लागतच नाही. ‘स्प्राइट’ नावाचा हा संवेदक पुढे ब्रिटिश सैन्याच्या उष्णता-कॅमेऱ्यांत बसला. माझ्या मते पाठ्यपुस्तकात धडा म्हणून शोभेल अशी ही युक्ती आहे.

इलियट यांचे नाव निदान आज घेता येते. लष्करासाठी संशोधन करणाऱ्या अनेकांच्या वाट्याला तेही येत नाही. लेसरने आकाशात कृत्रिम तारा उमटवून वातावरणामुळे थरथरणारी दुर्बिणीतली प्रतिमा सुधारायची, या कल्पनेवर अमेरिकेत 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून लष्करासाठी गुप्तपणे काम चालू होते. 1985 मध्ये फ्वा आणि लाबेरी या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तीच कल्पना उघडपणे प्रसिद्ध केली. लष्करी काम खुले झाले ते 1991 मध्ये. आपलीच कल्पना दुसऱ्याच्या नावाने छापून आलेली पाहायची आणि तोंडातून ब्र काढायचा नाही, ही या नोकरीची अट. पगाराच्या चिठ्ठीवर ती लिहिलेली नसते, एवढेच.

हे काम म्हणजे निव्वळ पुण्यकर्म, असे मी म्हणणार नाही. उष्णता पाहणारे कॅमेरे अग्निशमन दलाला धुरात अडकलेला माणूस दाखवतात, तसेच रणगाड्यातल्या तोफचीला नेमही धरून देतात. पण याच पारा-कॅडमियम-टेल्युरियमचा संवेदक चांद्रयान-1 वरच्या अमेरिकी ‘मून मिनरलॉजी मॅपर’ उपकरणात होता आणि चंद्रावरच्या पाण्याच्या खुणा त्याच्याच नोंदींतून 2009 मध्ये जाहीर झाल्या. तेव्हाच्या बातम्यांत चंद्र होता, यान होते. संवेदक कुठल्या पदार्थाचा, हे माझ्या तरी वाचनात आले नाही.

‘भौतिकशास्त्र घेऊन पुढे काय?’ असे विचारणारी मुले आपला अंक वाचतात. ज्या कामांवरचा गुप्ततेचा पडदा उठला आहे, निदान त्यांच्यावर आपल्या विज्ञान पुरवणीत लेखमाला यावी. तीत नळी फुटण्यापासून ब्र न काढण्यापर्यंत सगळे यावे, ही विनंती.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक