सिस्टर काकू, ठमी जेवली

सिस्टर काकू,

आभार मानायला आलो होतो, तर तुम्ही अर्धंच दार उघडून "बरं बरं, जा आता, कुकर लावलाय" म्हणालात. पेढ्यांचा बॉक्स वॉचमनकडे गेला हेही कळलं. त्यानंच सांगितलं, आणि त्यातले दोन मलाच खायला घातले. म्हणून आता हे चारचौघांत लिहितोय. इथे तुमचा कुकर मध्ये येणार नाही.

दसऱ्याच्या मुहूर्तावर आम्ही ठाण्यातल्या नौपाड्यातून इथे कोलशेत रोडला आलो. जुनी तीन मजली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. परत कधी जायचं ते करारात लिहिलंय, आणि करारावर किती विश्वास ठेवायचा ते नौपाड्यातल्या माणसाला शिकवायला नको. तोवर चौदावा मजला, दोन लिफ्ट आणि खिडकीतून दिसणारी खाडी. आईला खाडी आवडली. आमच्या मांजरीला, ठमीला, काहीच आवडलं नाही. टोपली उघडली तशी ती बेडखाली गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

ठमी म्हणजे सहा किलो दोनशे ग्रॅमचा ऐवज. जुन्या गल्लीतली पोरं तिला ठमाबाई म्हणायची आणि आम्हाला त्याचं कौतुक होतं. खरं तर खोकी भरायला लागल्यापासूनच ती अर्धं खाणं टाकत होती, पण बबलरॅप आणि भांड्यांच्या गोंधळात कोण बघतंय? इथे आल्यावर तिनं ताटलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला एका दवाखान्यात नेलं. तिथे ऐकायला मिळालं, "नवीन घर आहे, मांजरं नाटकी असतात, भूक लागली की झक मारत खाईल." मला हे पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचंच होतं. दोनशे खोकी उघडायची होती. त्यात आणखी दोन दिवस गेले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी लिफ्टमध्ये तुम्ही भेटलात. हातात मेथीची जुडी होती. आपण एकाच मजल्यावर राहतो हेही मला माहीत नव्हतं. तुम्ही टोपलीत डोकावलात, काही न विचारता जाळीतून बोट घालून ठमीचा कान उलटा केलात आणि म्हणालात, "अरे, हिला कावीळ झालीय. बघ, कान आतून पिवळा आहे. आत्ता जा, उद्या नको." नंतर कळलं की तीस वर्षं सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डात काढलीत. लिफ्टच्या त्या मेलेल्या ट्यूबलाइटमध्ये मला तर मेथीसुद्धा पिवळी दिसत होती.

ज्या डॉक्टरांकडे तुम्ही पाठवलंत त्यांनी रक्त काढलं, सोनोग्राफी केली आणि मग मला खुर्चीवर बसवून समजावलं. उपाशी मांजराचं शरीर साठवलेली चरबी जाळायला काढतं, ती चरबी यकृतात येऊन पडते, आणि मांजराच्या यकृताला तो लोंढा आवरत नाही. ते स्वतःच चरबीनं भरून जातं. मग मळमळ सुटते, मळमळीमुळे खाणं नको होतं, आणि न खाल्ल्यामुळे आणखी चरबी येते. कुत्रा चार दिवस रुसला तर बऱ्याचदा निभावून जातं. मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस काहीच न खाता राहिलं तर थांबायचं नसतं. म्हणजे ज्या गुबगुबीतपणाचं आम्ही कौतुक करत होतो त्यानंच तिचा घात केला होता. 'भूक लागली की खाईल' हे माणसाच्या पोराचं शास्त्र आम्ही मांजराला लावलं.

दोन दिवस सलाइन, उलटीचं इंजेक्शन आणि भूक लागावी म्हणून मिर्टाझापिनचा एक कण. ही खरं तर माणसांच्या डिप्रेशनची गोळी, भूक वाढणं हा तिचा दुष्परिणाम, आणि मांजरांच्या डॉक्टरांनी नेमका तोच कामाला लावला. ठमीवर तिचा पहिला परिणाम असा झाला की तिनं रात्रभर फेऱ्या मारत कीर्तन केलं. जेवली मात्र नाही. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, "दिवसाला अडीचशे कॅलरीच्या आसपास पोटात जायला हवं. पहिल्या दिवशी त्याच्या पावपट द्या, मग हळूहळू वाढवा. सिरिंजनं जमलं तर ठीक, नाहीतर मानेतून नळी घालावी लागेल." आणि माझ्या हातात पातळ खाण्याचे डबे आणि एक सिरिंज आली.

त्या रात्री अकरा वाजता मी तुमची बेल वाजवली होती. माझ्या बनियनवर डब्यातलं सगळं खाणं होतं, हातावर ओरखडे होते, आणि ठमीच्या पोटात एक थेंबही नव्हता.

तुम्ही आधी दाराशीच बजावलंत, "मी माणसांची नर्स. औषधातलं मला काही विचारायचं नाही, ते डॉक्टरांना. भरवायचं कसं ते सांगते." मग किडनी ट्रे, गॉझ, पाच मिलीच्या सिरिंज आणि एक जुनी वही घेऊन आमच्या ओट्यापाशी उभ्या राहिलात. ठमीला जुन्या पंच्यात गुंडाळलंत, फक्त डोकं बाहेर. मी तिची मान वर करून घशात पिचकारी मारत होतो, ती तुम्ही पहिल्यांदा खाली आणलीत. "मान सरळ. वर केलीस की श्वासनळीत जाईल. न्यूमोनिया झाला तर काय करशील?" सिरिंजचं टोक सुळ्याच्या मागे, गालाच्या खोबणीत. अर्धा मिली. मग थांबायचं. ती जीभ फिरवते, गिळते, मगच पुढचा अर्धा. तुमचा अंगठा दट्ट्यावर इतका हळू सरकत होता की मला वाटलं तो हलतच नाहीये. मी मध्येच "खा ना गं, प्लीज, खा ना" करत होतो. तुम्ही वर न बघता म्हणालात, "तू गप्प बस. तिला वाटतंय काहीतरी भयंकर चाललंय."

काकू, ते वाक्य मला फार लागलं होतं आणि फार उपयोगी पडलं.

मग तुमचे नियम. दहा मिनिटांच्या वर एक मिनिट नाही. ओठ चाटायला लागली, लाळ गळायला लागली की थांबायचं, ती मळमळ आहे, हट्ट नाही. ताटली दिवसभर नाकासमोर ठेवायची नाही, पंधरा मिनिटांत उचलायची, नाहीतर त्या वासाचीच शिसारी बसते. गोळी कधीच खाण्यात मिसळायची नाही आणि जिथे भरवतो तिथे औषध द्यायचं नाही. वाटी गरम पाण्यात धरून कोमट करायची आणि थेंब मनगटावर टाकून बघायचा, तान्ह्या बाळाच्या दुधासारखा. शेवटच्या नियमावर डॉक्टरांनीही मान डोलावली. मांजराच्या अंगाचं तापमान 38 ते 39 अंश असतं, ताजी शिकार तेवढीच कोमट लागते, आणि फ्रिजमधल्या गार खाण्याला वासच येत नाही. वास नाही तर मांजराला भूक नाही. तिचं नाक सुकून चिकटलं होतं, तेही तुम्हीच कोमट पाण्याच्या बोळ्यानं पुसलंत.

आईनं तुमच्यामागे दूध-साखरेची वाटी पुढे केली होती, ती तुम्ही हसून मागे सारलीत. मी नंतर वाचलं, मांजराला गोड कळतच नाही. गोड चवीसाठी लागणारं जनुक तिच्यात निकामी असतं, हे संशोधकांनी 2005 साली दाखवलं. दूधही मोठ्या मांजरांना बरेचदा पचत नाही. आई अजून म्हणते, "संशोधकांना काय कळतंय?" पण लसणाची फोडणी दिलेलं चिकन सूप मात्र तिनं तुमच्या एका फोनवर खाली उतरवलं. "आधी डॉक्टरांना विचारा," एवढंच म्हणालात. विचारलं. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कावीळ झालेल्या जिवाला आम्ही तेच पाजणार होतो.

वहीत तुम्ही रकाने आखून दिलेत: वेळ, दिलं, राहिलं, उलटी, शी-शू, वजन. मी पहिल्या दिवशी ऐटीत '40 मिली दिलं' लिहिलं. तुम्ही खोडलंत. "अर्धं तुझ्या शर्टावर आहे. पाजलं किती ते सगळेच लिहितात. पोटात राहिलं किती ते लिही." सकाळी सहा, दुपारी (मी ऑफिसात, तुम्ही तुमच्या किल्लीनं आत), संध्याकाळी, रात्री. कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना तुमचा मेसेज यायचा: '25. राहिलं.' आख्खी रिक्षा हलकी व्हायची.

वजन तरी उतरतच होतं. पाच सातशे, पाच चारशे, पाच दोनशे. तिथे थांबलं. कानाचा पिवळेपणा उतरायला लागला, पण स्वतःहून खायचं नाव नाही.

बाराव्या दिवशी तुम्ही विचारलंत, "जुन्या घरातलं न धुतलेलं काही आहे का?" आईनं नवीन घर म्हणून झाडून सगळं धुतलं होतं, पडदे, चादरी, ठमीची गादीसुद्धा. मांजर गाल घासून घासून घरावर आपला वास लावतं, आणि आम्ही तिचं आख्खं घर वॉशिंग मशीनमधून काढलं होतं. शेवटी माळ्यावरच्या खोक्यात जुन्या दारातलं काथ्याचं पायपुसणं सापडलं, केसांसकट. ते मी बेडखाली सरकवलं. ती दोन मिनिटं हुंगत राहिली, मग त्यावर आडवी झाली.

त्याच आठवड्यात मी ठाणे पूर्वेला चेंदणी कोळीवाड्यात गेलो, आमच्या जुन्या दारावर बुधवारी येणाऱ्या मावशीला शोधत. मांदेली घेतली. मीठ नाही, हळद नाही, नुसती उकडली आणि बसून काटे काढले. डॉक्टरांनी बजावलं होतं की नुसत्या मासळीवर मांजर ठेवायचं नाही, तिच्या नेहमीच्या खाण्यावर आमिष म्हणून चमचाभर घाला.

वसुबारसेच्या पहाटे तीनला स्वयंपाकघरात आवाज झाला. स्टीलची ताटली फरशीवर सरकत होती. थोडी सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. मी अंधारात उठलो नाही, दिवा लावला नाही. तुमचं 'तू गप्प बस' आठवलं. ताटली भिंतीला लागली आणि तिथेच टकटक वाजत राहिली. मग पाणी पिण्याचा आवाज.

पावणेसहाला तुम्हाला मेसेज केला. तुमचं उत्तर: 'वहीत लिहिलंस का?'

लिहिलं. आता ती दोन्ही वेळ खाते, वजन पाच सहाशेवर आलंय आणि डॉक्टर म्हणतात याच्या फार वर जाऊ देऊ नका. ठमाबाई म्हणणं आम्ही बंद केलंय. सिरिंज उकळून डब्यात ठेवल्यात, पंचा तुम्ही म्हणालात तसा फेकला.

वही मात्र माझ्याकडेच राहिली. काकू, त्यातली आधीची पानं मी वाचली नाहीत, पण उलटताना दिसायचं ते दिसलंच. तेच रकाने, तुमचंच अक्षर. काकांच्या नळीचं दीड वर्ष. शेवटची नोंद आहे, 'सकाळी 6. 200 मिली. राहिलं.' त्यानंतर एक पान कोरं सोडून तुम्ही ठमीचं नाव घातलंत.

वही उद्या आणून देतो. कुकर लावलेला नसेल अशा वेळी.

तुमच्याच मजल्यावरचा,
ठमीचा माणूस