धारावीची आमदारकी आणि खासदारकी

महोदय,

आमदाराने लोकसभा लढवणे ही केवळ बढती मानली जाते; मागे राहिलेल्या मतदारसंघाचे काय, हे सहसा कोणी विचारत नाही. वर्षा गायकवाड 2004 पासून सलग 4 वेळा धारावीतून विधानसभेवर निवडून आल्या आणि मधल्या काळात शालेय शिक्षणमंत्रीही झाल्या. 2024 मध्ये त्यांनी मुंबई उत्तर मध्यमधून उज्ज्वल निकम यांचा सुमारे साडेसोळा हजार मतांनी पराभव केला. याच नावाच्या मतदारसंघात 2004 मध्ये त्यांचे वडील एकनाथ गायकवाड यांनी मनोहर जोशी यांना हरवले होते. आता मात्र धारावी दक्षिण मध्यमध्ये मोडते. त्यामुळे 20 मे रोजी धारावीकरांना मतदान यंत्रावर आपल्या आमदाराचे नाव दिसले नाही. ते मिठी नदीपलीकडे, कालिना आणि वांद्रे पूर्वेच्या केंद्रांवर होते.

आमदाराला राजीनामा न देता लोकसभा लढवता येते. निवडून आल्यावर 14 दिवसांत विधानसभेचे सदस्यत्व सोडले नाही, तर खासदारकी जाते. विधानसभेची मुदत एका वर्षाहून कमी उरल्यास पोटनिवडणूक घेण्याचे बंधन नसते. परिणामी पुनर्विकासासाठी घरोघरी सर्वेक्षण सुरू असताना, पोटमाळ्यावरच्या भाडेकरूला पात्रतेची चिंता लागलेली असताना, नोव्हेंबरपर्यंत धारावीला आमदारच नव्हता. (पुढे तेथून त्यांच्या भगिनी ज्योती गायकवाड निवडून आल्या.) अशा काळात संबंधित खासदाराकडे किंवा लगतच्या आमदाराकडे मतदारसंघाची तात्पुरती जबाबदारी लेखी स्वरूपात सोपवण्याची तरतूद विधिमंडळाने करावी, ही विनंती.

एक वाचक, मुंबई