आजीच्या छायाचित्रासाठी सरांचे आभार

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

सदाशिव पेठेतील आमचा वाडा पुनर्विकासासाठी उतरवला जाण्यापूर्वी, नुकतेच सहस्रचंद्रदर्शन झालेल्या माझ्या आजीचे एक छायाचित्र तिच्याच माजघरात काढावे, ही माझी इच्छा आपल्यामुळे पूर्ण झाली, त्याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.

कॅमेऱ्यावरच फ्लॅश बसवून मी आधी काढलेली छायाचित्रे आपण पाहिली होती: चेहरा सपाट, चष्म्याच्या काचांत पांढरे ठिपके आणि मागच्या भिंतीवर सावलीची काळी कड. त्यांना नावे न ठेवता आपण रविवारची सकाळ माझ्यासाठी मोकळी ठेवलीत आणि स्टँड, फ्लॅशचा प्रकाश पसरवणारी पांढरी छत्री व कॅमेऱ्यापासून दूरचा फ्लॅश उडवणारा स्वतःचा ट्रिगर घेऊन घरी आलात.

फ्लॅश आजीच्या डावीकडे ४५ अंशांवर ठेवूनही चष्मा चमकत होता, तेव्हा आपण त्याची ताकद कमी न करता स्टँड हातभर उंच केलात, आणि चमक जाते ती कोन बदलल्याने, हे मला समजले. छत्री २ मीटरवरून १ मीटरवर आणताच चेहऱ्यावरचा प्रकाश चौपट झाला, म्हणून ताकद पावपट करावी लागली. पण जवळ आल्याने सावल्यांच्या कडा मऊ झाल्या आणि भिंतीवरचा उजेडही उतरला. (शाळेत पाठ केलेला व्यस्त वर्गाचा नियम मी त्या दिवशी प्रथमच डोळ्यांनी पाहिला.)

शटरचा धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. ॲपर्चर, म्हणजे भिंगाचे छिद्र, एफ ५.६ वरच ठेवून आपण मला शटर १/२०० सेकंदावरून टप्प्याटप्प्याने १/३० सेकंदापर्यंत आणायला लावलेत. फ्लॅशचा झोत शटर मिटण्याच्या कितीतरी आधी संपत असल्याने आजीचा चेहरा जवळजवळ तसाच राहिला, मात्र शटर अधिकाधिक वेळ उघडे राहिल्याने मागचे सागवानी खांब आणि दिव्याच्या उजेडातला कोनाडा दर छायाचित्रागणिक अंधारातून वर येत गेला. त्या पिवळ्या उजेडाशी मेळ बसावा म्हणून आपण फ्लॅशवर नारिंगी जेलचा, म्हणजे रंगीत पारदर्शक पट्टीचा, तुकडा रबरबँडने बसवलात, तोही मी जपून ठेवला आहे.

छायाचित्र हाती घेऊन आजी बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "माझे डोळे दिसताहेत रे."

१२ बाय १८ इंचांची एक प्रत आपल्यासाठी चौकटीत बसवून तयार आहे. ती आणि आपला ट्रिगर घेऊन मी येणारच होतो, परंतु आपण घरी जेवायला यावे, असा आजीचा आग्रह आहे.

आपला कृतज्ञ विद्यार्थी,
सदाशिव पेठ, पुणे