हेवी शिकवणाऱ्या काकांना

काका, माझं हेवीचं, म्हणजे ट्रक चालवायचं, लायसन्स आलं हो. फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही नुसतं "बरं झालं" म्हणालात आणि ठेवून दिला, मला तर अजून बरंच बोलायचं होतं, म्हणून इथे चारचौघांत लिहितेय, मुलाकडून वाचून घ्या.

तुमच्याकडे यायच्या आधी ज्या ड्रायव्हिंग स्कूलला पैसे भरले होते तिथे मला ट्रकचं स्टेअरिंग बघायलासुद्धा मिळालं नाही. फॉर्म ५ देतो म्हणाले, म्हणजे शिकवल्याचं सर्टिफिकेट, तेही न शिकवता, तुम्ही फक्त सहीला या! अजून एका ठिकाणी मालक माझ्याशी न बोलता भावाशीच बोलत होता, ताईंचे पाय क्लचला पोचायचे नाहीत म्हणे. कोणी म्हणे कारच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचा टेम्पो चालतो, २०२४ ला सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय, त्यात भागवा की. अहो पण आमच्या दारात बाबांची दहाचाकी उभी आहे, शुगरने बाबांची नजर गेली, लोणंदचा कांदा वाशीला न्यायचा कोणी? वय २० पूर्ण हवं आणि कारचं लायसन्स वर्षभर जुनं हवं असं नियमात आहे, ड्रायव्हर बाप्याच हवा असं कुठे लिहिलंय? पण हे तोंडावर सांगायची ताकद तेव्हा उरली नव्हती, खरंच घरी येऊन रडायचे.

आणि मग तुम्ही. पहिल्या दिवशी सीटवर बसले तर क्लच अर्धाच दाबला जात होता, पोटात गोळा आला, म्हटलं आता हेही तेच बोलणार. तुम्ही बघितलंत आणि काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी आले तर सीटच्या पाठीला तुमच्या घरची गोधडी, नीट घडी करून सुतळीने आवळून बांधलेली. "बस आता, दाब." बस, एवढंच. क्लच पार खालपर्यंत गेला.

काका, ती गोधडी मी आयुष्यभर विसरणार नाही. इतक्या लोकांनी माझी उंची मोजली पण पाठीला काहीतरी लावून बघू असं एकालाही सुचलं नाही, आणि तुम्ही ते रात्री घरी जाऊन काकूंकडून मागून आणलंत, त्याचा एक शब्द उच्चारला नाहीत, उपकार केल्यासारखं तर मुळीच नाही.

शिकवलंतही तसंच. एअर ब्रेकची हवा भरल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही. डाव्या बाजूला बंपरपाशी स्वतः जाऊन उभे राहिलात आणि ओरडून विचारलंत मी दिसतोय का, आणि खरंच दिसत नव्हता, त्या दिवसापासून डावीकडे वळायचं म्हटलं की आधी तो कोपरा आठवतो. ज्या गिअरला घाट चढलीस त्याच गिअरला उतरायचं, डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारा स्वतः मरतो आणि पुढच्यालाही मारतो, हे तर इतक्यांदा ऐकवलंत की बोरघाट उतरताना तुमचाच आवाज कानात असतो. सर्टिफिकेट विकणाऱ्यांना हे कळत नसेल का, की त्यांनी पास केलेला माणूस भरलेली गाडी घेऊन त्याच रस्त्याने येणारे ज्या रस्त्याने त्यांची पोरं शाळेत जातात? तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून रस्त्यावर माणसं घरी पोचतात काका, हे मी उगाच बोलत नाही.

तुमचा क्लीनर पण सांगत होता, पाचवीत शाळा सुटली म्हणून हेवी कधीच मिळणार नाही असं त्याला वाटायचं, आठवी पासची अट २०१९ ला गेली हे त्याला तुम्हीच सांगितलंत आणि आता सकाळी गाडी पुसायच्या आधी त्याला शिकवताय. एक पैसा न घेता.

पेढे घेऊन बाबांना घेऊन येतेय रविवारी, त्यांना तुमचा हात हातात घ्यायचाय. आणि एक, माझ्या मामेबहिणीच्या कारच्या लायसन्सला दिवाळीत वर्ष होतंय, ती माझ्याहून बुटकी आहे. गोधडी ठेवा काका, काढू नका.