नमुना घरातल्या नळाचा घ्या

अमेरिकेतील नेवार्क शहराने शिशाच्या नळजोडण्या बदलल्याविषयीचा लेख वाचला. तिथल्या महापालिकेने आधी फिल्टर वाटले, मग २०१९पासून सुमारे २३ हजार जोडण्या घरमालकांकडून एक पैसाही न घेता बदलल्या. आपल्या खान्देशात गढूळ पाणी आले की ‘उकळून, गाळून प्या’ एवढेच सांगितले जाते. शिशाला ना रंग ना वास, आणि उकळून ते जातही नाही. शिवाय ते बहुधा जलशुद्धीकरण केंद्रात नव्हे, तर वाटेतल्या पाइपांतून, तोट्यांतून पाण्यात उतरते. भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. पालिकांनी नमुने टाकीवरून नव्हे, जुन्या वस्तीतल्या घरच्या नळातून घ्यावेत. अहवाल पाणीपट्टीच्या बिलामागे छापावा. ती बाजू कोरीच तर असते!

– एक वाचक, भुसावळ