वॉट नकोत, उंची द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सामुदायिक रेडिओची, म्हणजे स्थानिक संस्थांनी आपल्या परिसरासाठी चालवलेल्या एफएम केंद्रांची, ताकद १०० वॉटवरून २५० वॉट करा, म्हणजे केंद्र तालुकाभर ऐकू येईल, अशी मागणी सभा-संमेलनांत आणि वाचकांच्या पत्रांत अधूनमधून होत असते. मागणीमागची कळकळ खरी आहे, पण हिशेब चुकलेला आहे. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात आयुष्य गेले, त्यामुळे हा चुकीचा हिशेब पाहून गप्प बसवत नाही.

केंद्र सरकारच्या २००६ च्या धोरणाने या केंद्रांना जास्तीत जास्त १०० वॉट प्रभावी प्रक्षेपणशक्ती (ट्रान्समीटर आणि अँटेना मिळून बाहेर पडणारी ताकद) आणि जमिनीपासून १५ ते ३० मीटर उंचीचा अँटेना दिला. पल्ला धरला ५ ते १० किलोमीटर. गरज सिद्ध केली किंवा भूभागच तसा असला, तर २५० वॉटपर्यंत परवानगीचा विचार होऊ शकतो, हेही त्याच धोरणात लिहिलेले आहे. तेव्हा वाढीव वॉटची वाट कागदावर आहेच. प्रश्न असा, की ते वॉट मिळाले तर पदरात काय पडेल?

एफएमची लहर बरीचशी नजरेसारखी सरळ जाते. ३० मीटर उंचीवरच्या अँटेनाचे रेडिओ-क्षितिज २२-२३ किलोमीटरवर असते. पण क्षितिजापर्यंत पोहोचणे वेगळे आणि स्वयंपाकघरातल्या संचावर स्वच्छ ऐकू येणे वेगळे. सपाट मुलखात थेट आलेली लहर आणि जमिनीवरून परावर्तित होऊन आलेली लहर एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात. त्यामुळे अंतर दुप्पट झाले की संकेत निम्म्यावर नाही, चौथाईवर येतो. संकेत शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तो पुन्हा चौपट करायचा, तर शक्ती सोळापट लागते. म्हणजे आज १० किलोमीटर जाणारे केंद्र २० किलोमीटरवर तितकेच स्पष्ट ऐकू यायचे असेल, तर १,६०० वॉट हवेत. अडीचशे वॉटने १० चे फार तर साडेबारा किलोमीटर होतील. एवढ्यासाठी दिल्लीला अर्ज, नवा ट्रान्समीटर आणि वाढलेले वीजबिल.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. अँटेना ३० ऐवजी ६० मीटरवर नेला, तर त्याच सपाट मुलखात संकेत दुप्पट होतो. शक्ती ४०० वॉट केल्याने जे मिळेल, ते नुसत्या उंचीने मिळते आणि पल्ला ४० टक्क्यांच्या आसपास वाढतो. वीज तेवढीच.

हे कागदी गणित वाटत असेल, तर सरकारचाच आकडा घ्या. एप्रिल २०२३ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीच्या १०० वॉटच्या ९१ एफएम ट्रान्समीटरांचे उद्घाटन केले. त्यातून सुमारे ३५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र नव्याने प्रसारणाखाली येईल, असे सांगण्यात आले. भागाकार केला तर एकेकाच्या वाट्याला ३८५ चौरस किलोमीटर, म्हणजे ११ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ येते. आकाशवाणीच्या १०० वॉटलाही सरासरीने याहून फार लांब उडी मारता येत नाही.

शिवाय पल्ला लहान ठेवण्यामागे कारण आहे. बारामतीचे सामुदायिक केंद्र ‘वसुंधरा वाहिनी’ ९०.४ मेगाहर्ट्झवर आणि म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ही ९०.४ वरच. दोन्ही गावांत सरळ रेषेत साठेक किलोमीटर अंतर. एकाच कंप्रतेवर (फ्रिक्वेन्सीवर) दोघी सुखाने नांदतात त्या पल्ला आखूड आहे म्हणूनच. एफएमचा संच दोन संकेतांपैकी जोरकस असेल तो धरतो आणि दुसऱ्याला दाबतो. जिथे दोघे तुल्यबळ, तिथे नुसती खरखर. उद्या प्रत्येकाने ताकद वाढवायची ठरवली, तर नव्या केंद्राला कंप्रता कुठून देणार?

पण बारामती आणि माणदेश हा तुलनेने मोकळा मुलूख. खरी पंचाईत आहे ती पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या खोऱ्यांत आणि घाटाखालच्या कोकणात. तिथे केंद्रापासून चार किलोमीटरवरचे गाव डोंगराच्या सोंडेआड असले, की लहर कडेवरून थोडीफार वाकून येते तेवढीच, आणि सोंड जवळ व उंच असेल तर तेवढीही नाही. अशा सावलीत १०० च्या जागी २५० वॉट ओतले तरी फारसा फरक पडत नाही. दूरदर्शनने पुण्यासाठी सिंहगडावर मनोरा बांधला तो हौसेने नव्हे. सामुदायिक रेडिओच्या बाबतीत मात्र २००६ च्या धोरणाने शैक्षणिक संस्थांना प्रक्षेपक आणि अँटेना मुख्य आवारातच ठेवण्याची अट घातली. आपल्याकडची महाविद्यालये बहुतेक नदीकाठी, बाजारपेठेजवळ, खोऱ्याच्या तळाशी. मागे डोंगर उभा, आणि अँटेना खाली मैदानात! स्वयंसेवी संस्थांना निदान आपल्या समुदायाच्या भौगोलिक क्षेत्रात कुठेही जागा निवडता येते; पण माथ्यावरची जमीन कधी वनखात्याची असते, कधी तिथे वीजच नसते.

उंचीवरून अडथळाही लांबवर जाईल, हा आक्षेप रास्त आहे. त्यावरचा तोडगा अमेरिकेने काढलेला आहे. तिथे २००० साली सुरू झालेल्या कमी शक्तीच्या एफएम परवान्यांत १०० वॉट मिळतात ते भोवतालच्या भूभागाच्या सरासरी उंचीपेक्षा ३० मीटर वर असलेल्या अँटेनाला. त्याहून उंच गेलात, की वॉट त्या प्रमाणात कापले जातात. हिशेबाचा पल्ला ५.६ किलोमीटरच राहतो. आमच्या डोंगरी भागाला नेमके हेच हवे आहे: उंची द्या आणि हवे तर वॉट काढून घ्या. कड्यावरचे २० वॉट खोऱ्याच्या तळातल्या १०० वॉटपेक्षा जास्त घरांत ऐकू जातील. स्टुडिओ आवारात राहू द्या, कार्यक्रम इंटरनेटने वर पाठवता येतो. टेकडीवर दूरसंचार कंपनीचा मनोरा आधीच उभा असेल, तर त्यावर भाड्याने जागा घेण्याची मुभा मिळावी. लोकप्रतिनिधींना माहिती व प्रसारण मंत्रालयाला पत्र लिहायचेच असेल, तर हे लिहावे.

नियम बदलायचे तेव्हा बदलतील. तोवर केंद्रांना आणि श्रोत्यांना फुकटात करता येण्यासारखे थोडे आहे. स्टिरिओ (डावा-उजवा असे दोन वेगळे आवाज) बंद करून मोनोमध्ये (एकच आवाज) प्रक्षेपण करावे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मानकात ग्रामीण भागातल्या मोनो ग्रहणाला ४८ डेसिबल तीव्रता पुरते, स्टिरिओला ५४ लागते. हा ६ डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीची चौपट. खिशातल्या साध्या मोनो संचाला याचा फारसा लाभ नाही, पण मोटारीतल्या आणि मोबाइलच्या स्टिरिओ संचांना नक्की आहे. कीर्तनाला आणि बाजारभावाला स्टिरिओ हवा कशाला? श्रोत्यांनी संच जमिनीवरून उचलून माळ्यावर किंवा खिडकीत न्यावा, कारण ग्रहणाची उंचीही त्याच गणितात मोडते. संचाच्या अँटेनाची दांडी पूर्ण ओढावी, ९०.४ साठी ८३ सेंटिमीटर लांबी चांगली. मोबाइलवर ऐकणाऱ्यांनी तारेचा इअरफोन लावावा, कारण ती तारच अँटेना असते. एफएमची सोय असलेला मोबाइल मिळाला तर, अर्थात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा