गाडी तीनच दिवस घे

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, इटलीत नऊ सीटची गाडी घेऊ, दहाही दिवस मीच चालवीन, कुणाची धावपळ नको." बाबा खूश झाले, म्हणून मी गप्प राहिले. पण रात्रभर तेच डोक्यात होतं. फोनवर माझं निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिते आहे.

तू लहान असताना दर गणपतीला बाबा ठाण्याहून माणगावला गाडी चालवत न्यायचे. वडखळला गाड्यांची रांग लागायची. मागे आम्ही भेंड्या खेळायचो, तू माझ्या मांडीवर झोपायचीस आणि बाबांची नजर पुढच्या ट्रकवर. परवा जुने फोटो काढले, तर ते म्हणाले, "यातलं मला काहीच आठवत नाही." मुक्ता, इटलीचं तुझं तसं होऊ नये. अमोलकडे लायसन्स नाही, म्हणजे आठ माणसांना घेऊन सगळे दिवस तू एकटीच स्टिअरिंगवर. वर्षभराने आम्ही तुला भेटणार, ते तुझी पाठ बघायला नाही.

रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस आपण रेल्वेने करू. दोन वर्षांपूर्वी आम्ही सहा मैत्रिणी तशाच फिरलो होतो. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून जलद गाडीने दीड तासात फ्लॉरेन्स, तेही थेट गावाच्या मध्यात. मोटारीने तीन तास तरी जातात, शिवाय गावात शिरायचं कसं हा प्रश्न उरतोच. जुन्या शहरांत झेड.टी.एल. नावाचे भाग असतात, तिथे परवाना नसलेली गाडी गेली की कॅमेरा नंबर टिपतो. शेजारच्या काकूंच्या जावयाला चार महिन्यांनी घरी दंडाची नोटीस आली, तीही एकाच दिवसाच्या दोन चुकांची. व्हेनिसमध्ये तर मोटार गावाच्या तोंडाशी असलेल्या पिआत्साले रोमा चौकाच्या पुढे जातच नाही. दिवसाचं पार्किंग भरून ती नुसती उभी ठेवायची, याला काय अर्थ आहे?

आजींच्या गुडघ्यांचं तुझं म्हणणं बरोबर आहे. पण गाडीतही त्यांना तीन तास पाय दुमडूनच बसावं लागेल. रेल्वेत उठून चार पावलं टाकता येतात, बाथरूमही डब्यातच. चढायला मात्र पायऱ्या असतात, तेव्हा हात द्यायला अमोल आणि काका आहेत. सामानाचंही बघ. नऊ सीटच्या गाडीत आठ माणसं बसली की मागे आठ मोठ्या बॅगा मावत नाहीत.

जलद गाड्यांची तिकिटं आत्ताच काढ, जितका उशीर तितकी महाग. आठही जागा एका डब्यात मिळतील असं बघ. साध्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट काढलंस, तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये छाप मारून घे. आमच्यातली एक विसरली होती, तिला तिकीट हातात असून दंड भरावा लागला. व्हेनिसला सांता लुचिआ स्टेशनवर उतरायचं, आधीच्या मेस्त्रेला नाही. आम्ही घाईत मेस्त्रेला उतरलो आणि सगळं सामान घेऊन पुन्हा दुसऱ्या गाडीत चढलो. सांता लुचिआच्या दारातून बाहेर आलं की समोरच पाणी आणि होड्या. रेवाचा चेहरा त्या क्षणी मला बघायचाय. संपाच्या तारखाही आधी बघून ठेव, तिथे संप जाहीर करून करतात.

मोटार फ्लॉरेन्सनंतरच्या तीन दिवसांपुरती घे. स्टेशनजवळून विमानतळाला ट्राम जाते, गाडी तिथूनच ताब्यात घे, म्हणजे गावात शिरायलाच नको. सान जिमिन्यानोला रेल्वे जात नाही. पिएन्साच्या बाजूची टेकड्यांवरची गावंही रेल्वेने नीट होत नाहीत. तिथे मात्र तुझं बरोबर आहे, वाटेल तिथे थांबायचं तर स्वतःची गाडीच हवी. ड्रायव्हरसकट गाडी कितीला पडते तेही विचार, वरचे पैसे मी देईन.

या तीन दिवसांतला एक दिवस माझा. उंब्रिया प्रांतात टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मोंतोने नावाचं गाव आहे. लष्करातले नाईक यशवंत घाडगे, आपल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, दुसऱ्या महायुद्धात 10 जुलै 1944 ला त्याच खोऱ्यात लढताना पडले. मशीनगनच्या माऱ्यात तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे त्या मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक, मिळाला. माणगावातल्या त्यांच्या पुतळ्यासमोर माझे वडील मला घेऊन उभे राहायचे. 2023 मध्ये मोंतोनेच्या लोकांनी त्यांच्या नावाने छायाघडी, म्हणजे उन्हातल्या सावलीवरून वेळ दाखवणारं घड्याळ, उभारली. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असं तिच्यावर लॅटिनमध्ये कोरलं आहे. त्या दिवशी ऊन असावं, एवढीच माझी इच्छा.

गाडीच्या दिवसांत मी पुढे तुझ्या शेजारी बसेन. नकाशा मी बघेन, काकांना देऊ नकोस, त्यांना मागे झोप लागते.

आजींसाठी छोटी चाकांची बॅग कालच आणली. बाकीच्यांच्या बॅगांचं माप तू कळव, म्हणजे मी तशाच घेते.

तुझी,
आई